घरचं ‘फेर’ आणि शाळेचं ‘उम’

डेटमोल्ड, १३ ऑक्टोबर १९९६

लाडके फ्रीडखे,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या स्तेपानला देवाघरी जाऊन दोन वर्षं होत आली आणि आता तू कझाकस्तान सोडून इकडे जर्मनीत यायला तयार झालीस, हे वाचलं आणि हातातली भांडी तशीच ठेवून मी खाली बसले. तुझा अर्ज तुझ्या भाच्यानं, आर्तुरनं, भरून पाठवलाय. आता बोलावणं येईपर्यंत वाट बघायची.

पण एक गोष्ट नवी झालीय. आम्ही चार वर्षांपूर्वी आलो तेव्हा नुसते कागद बघायचे. आई जर्मन, बाप जर्मन, जन्म व्होल्गाकाठचा, एवढं पुरायचं. आता माणसाला समोर बसवून जर्मनमध्ये बोलायला लावतात. आणि एकदा नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नाहीत, असं इथली माणसं सांगतात. म्हणून मी ठरवलंय, तुला पत्रांतून शिकवायचं. हसू नकोस. मी इथे सहा महिने वर्गात बसलेय आणि वही अजून जपून ठेवलीय. पत्र मी रशियनमध्येच लिहीन, नाहीतर तुला निम्मं वाचता यायचं नाही. जर्मन शब्दही रशियन अक्षरांतच लिहिते.

पहिला धडा. तुला नक्की विचारणार की जर्मनीला कशासाठी यायचंय. तेव्हा ‘कशासाठी’ हे सांगता आलं पाहिजे. त्याच्या दोन रीती आहेत. काम करणारा आणि हेतू असणारा एकच माणूस असेल तर ‘उम’ म्हणायचं, आणि शेवटी क्रियापदाच्या आधी ‘त्सू’. म्हणजे, मी विहिरीवर जाते पाणी आणायला. जाणारी मी, आणणारीही मी. पण माणसं दोन असतील तर ‘दामिट’. मी दार उघडं ठेवते, म्हणजे मांजर आत येईल. ठेवणारी मी, येणारं मांजर. कळलं?

आणि आपण घरी जे ‘फेर’ म्हणायचो, ‘फेर वासर होले’, पाणी आणायला, ते विसरून जा. इथे तसं कुणी बोलत नाही. मी पहिल्या आठवड्यात बेकरीत आईच्या भाषेत पाव मागितला तर काउंटरवरची मुलगी मागच्या बाईकडे बघून हसली, आणि मग मला अगदी सावकाश, मोठ्यानं विचारलं की आजी, तुम्ही कुठल्या देशाच्या. लहानपणी तिकडे रस्त्यात जर्मन बोललं की पोरं दगड मारायची म्हणून आई आपल्याला गप्प बसवायची. म्हातारपणी इकडे जर्मन बोलले तर ही गत. तुला तसं व्हायला नको.

माझं उत्तम चाललंय. घर उबदार आहे, आर्तुर येऊन-जाऊन असतो. प्रत्येक रीतीची थोडी थोडी वाक्यं करून पाठव.

तुझी आमालिया


अक्सू, २१ नोव्हेंबर १९९६

मालखे,

शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं की सुटले. साठी जवळ आली आणि आता तू छडी घेऊन उभी.

बर्फ पडलंय. मागच्या गल्लीतले हेर्गेट पण गेले, आता त्यांच्या घरात कुणी नाही. आपल्या गल्लीत जर्मन म्हणून मी एकटीच उरले. शेजारी कुल्याश आहे, तिचं काय ते जुनंच. मधल्या भिंतीवर मूठ आपटली की समजायचं, चहा झालाय. स्तेपान गेला तेव्हा ती नऊ रात्री माझ्याकडे झोपायला आली आणि नऊच्या नऊ रात्री घोरली. ती कझाक, तिच्याशी बोलणं सगळं रशियनमधून. जर्मन बोलायला आता माझी झोर्का आहे. ती गाय असूनही तुझ्यापेक्षा कमी चुका काढते.

वाक्यं घे.

मी पहाटे उठते, दूध काढायला. (उम.)
मी कुल्याशकडे जाते, तिच्या सुनेच्या चुगल्या ऐकायला. (हेही उमच ना? जाणारी मी, ऐकणारी मी.)
मी शेगडीत लाकूड घालते, म्हणजे घर गरम राहील. (दामिट.)
मी स्तेपानच्या थडग्यावरचं बर्फ झाडते, म्हणजे त्याचं नाव दिसेल. (दामिट. नाव त्याचं, झाडणारी मी.)

शेवटचं वाक्य नीट तपास. त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले होते.

‘फेर’ मात्र तोंडातून जात नाही गं. ‘उम’ म्हणायला ओठ मिटले की वाटतं, मी दुसऱ्याच कुणाचं बोलतेय. आई काय म्हणायची आठवतं? ‘हात दिलेत ते फेर शाफे,’ काम करायला, आणि पाठीत धपाटा. ‘उम’ म्हणून धपाटा दिला असता तर लागला असता का कुणास ठाऊक.

तुला खरं सांगू, मला यायचंय की नाही हे मला अजून धड कळत नाही. अर्ज केला, कारण सगळे करतात आणि गल्लीत अंधार झाला. आर्तुरला माझा आशीर्वाद सांग. तो तुझ्याजवळ आहे हे बरं आहे.

फ्रीडा


डेटमोल्ड, ८ जानेवारी १९९७

लाडके फ्रीडखे,

थडग्याचं वाक्य बरोबर आहे. चुगल्यांचंही. तुझी अक्कल गंजलेली नाही, हे बघून बरं वाटलं. पण क्रियापद शेवटी टाकायला तू दोनदा विसरलीस. ‘दामिट’ म्हटलं की क्रियापद अगदी टोकाला गेलंच पाहिजे. वाक्य संपेपर्यंत धीर धर.

आणि मला यायचंय की नाही कळत नाही, असलं काही परीक्षेत बोलायचं नाही. स्पष्ट बोलायचं.

खाली मी वाक्यं केलीत, तशी तू रोज मोठ्यानं म्हण.

मी सकाळी बाजारात जाते, भाजी घ्यायला.
मी जिन्यातून हळू उतरते, म्हणजे खालच्या बाईंना त्रास होणार नाही.
मी रेडिओ लावून ठेवते, म्हणजे घरात आवाज राहील.
मी रविवारी खिडकीत बसते, गाड्या बघायला.
मी दोन माणसांचं सूप करते, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी पुरेल.

इथे नाताळ छान झाला. आर्तुरला काम होतं, पण त्यानं फोन केला. मी कुरकुरीत साखरेचा तो आपला केक केला होता, रिवलकुखन. तुला मिळाला असता तर अर्धा तूच संपवला असतास.

तुझी आमालिया


अक्सू, २ मार्च १९९७

मालखे,

बोलावणं आलं. परीक्षा मे महिन्यात, कारागांडाला. कुल्याशचा जावई ट्रकमधून नेईल.

तुझी वाक्यं रोज म्हणते. मोठ्यानं, जशी तू सांगितलीस तशी. शेगडीजवळ बसून म्हणत होते, मी रेडिओ लावून ठेवते, म्हणजे घरात आवाज राहील. चारपाच दिवस नुसतं क्रियापद सांभाळत होते. मग एका संध्याकाळी वाक्य म्हणता म्हणता थांबले. म्हटलं, मुलगा येऊन-जाऊन असणारी बाई रेडिओ कशाला लावून ठेवेल? आणि एकटीसाठी दोन माणसांचं सूप का करेल?

मालखे, आर्तुर कुठे आहे? तू पूर्वी त्याच्या बायकोच्या तक्रारींनी पान भरायचीस. दोन वर्षांत त्या पोरीविरुद्ध तुझी एक ओळ नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं.

खरं लिही. मी तुझी धाकटी बहीण आहे, परीक्षक नाही.

फ्रीडा


डेटमोल्ड, ३० मार्च १९९७

फ्रीडखे,

तू लहानपणीही असंच करायचीस, सगळे जेवत असताना विचारायचीस की आई, तू रडलीस का.

आर्तुर दोन वर्षांपासून स्टुटगार्टकडे आहे. मोटारीच्या कारखान्यात काम मिळालं, चांगलं काम आहे. पोरं तिथल्या शाळेत जातात. त्यांना माझ्याशी बोलताना रशियन जड जातं आणि माझं जर्मन त्यांना विचित्र वाटतं, म्हणून फोनवर ती हो-नाही म्हणतात आणि बापाकडे देतात. इथे एक खोली, एक स्वयंपाकघर. शेजारी नमस्कार करतात, वाईट नाहीत. चर्चमध्ये आपल्याकडच्या बायका आहेत, पण त्या मुलाबाळांत असतात आणि प्रार्थना संपली की घाईत असतात. आठवड्यात असे दिवस जातात की माझं तोंड फक्त बाजारात उघडतं. तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणशील मग कशाला बोलावतेस. आता लिहिलं.

रिकामी खोली मागितली आहे, याच इमारतीत, तुझ्यासाठी. मालकीणबाई म्हणाल्या, बघू.

आता नीट ऐक. तू घरच्या बोलीत बोललीस तर ते समजतील की ही अडाणी, हिला भाषा येत नाही. ‘फेर’ झोपेतसुद्धा उच्चारू नकोस. ‘होले’ नाही, ‘होलेन’. शेवटचा ‘न’ गिळायचा नाही. आई कशी बोलायची विचारलं तरी शुद्धच बोल. आपण स्वच्छ माणसं आहोत हे दिसू दे.

तुझी आमालिया


अक्सू, १४ एप्रिल १९९७

मालखे,

दोन ओळीच. ट्रकवाला शहरात चाललाय, त्याच्याकडे टपालात टाकायला देते.

मागे एकदा लिहिलं होतं ना, की यायचंय की नाही कळत नाही. आता कळलं. मी येणार. झोर्का कुल्याशला देऊन टाकलीय. गाय मात्र रोज संध्याकाळी माझ्याच फाटकाशी येऊन उभी राहते आणि कुल्याशला तिला ओढत न्यावं लागतं. सवय होईल.

सूप दोघींचं करत जा. पुढच्या हिवाळ्यात उरायचं नाही.

फ्रीडा


अक्सू, १७ जून १९९७

मालखे,

मागच्या आठवड्यात पत्र आलं. नकार आलाय.

काय सांगू. मी तिथे बसले आणि घाबरले. समोर परका माणूस, टेबलावर कागद, आणि मला काही सुचेना. उम कुठे, दामिट कुठे, सगळं डोक्यातून निघून गेलं. माझीच चूक. तुझ्या शिकवण्यात काही कमी नव्हतं, हे आधी लक्षात घे.

बटाटे लावलेत. पाऊस कमी आहे. कुल्याश गाय परत देत होती, मी घेतली नाही. मग तिनं विचारलंच नाही, एका सकाळी झोर्का माझ्या गोठ्यात बांधलेली होती.

वाईट वाटून घेऊ नकोस. मालकीणबाईंना खोलीचं नाही म्हणून सांग.

फ्रीडा


डेटमोल्ड, ९ जुलै १९९७

फ्रीडा,

तू घाबरलीस? तू? सगळ्या सोव्खोजच्या, सरकारी शेताच्या, कामगारांसमोर संचालकाला दुधाच्या हिशोबावरून गप्प करणारी तू, एका परक्या परीक्षकासमोर मुकी झालीस?

मी सहा महिने रोज संध्याकाळी तुझ्यासाठी वाक्यं लिहीत बसले. तू वाचलीसुद्धा नसशील. पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की यायचंय की नाही कळत नाही. तेच खरं होतं. नंतरचं सगळं माझं मन राखायला लिहिलंस. गाय, गोठा, कुल्याश, स्तेपानची कबर, तुझं सगळं तिथेच आहे. यायचं नव्हतं तर सरळ लिहायचं होतंस. मी खोली तरी मागितली नसती.

खोलीचं कळवलं. तिथे एक विद्यार्थी आलाय, गिटार वाजवतो.

आमालिया


अक्सू, ३ सप्टेंबर १९९७

मालखे,

दोन पत्रं पाठवली, तुझं उत्तर नाही. आजारी आहेस का? एवढंच कळव.

फ्रीडा


डेटमोल्ड, ७ डिसेंबर १९९७

फ्रीडखे,

आजारी नव्हते. रागावले होते. तुझी पत्रं उघडली, वाचली आणि खणात ठेवली. थंडी पडायला लागली तशी रागाची धग कमी झाली, पण मग लाज वाटायला लागली, आणि लाजेतून पत्र लिहिणं रागापेक्षा कठीण असतं.

आज हे लिहायला बसले त्याला कारण झालं. चर्चमध्ये ओटिलिया म्हणून एक बाई येते, ओम्स्ककडची. तिचा भाऊ गेल्या महिन्यात पास होऊन आला. आज त्याला घेऊन आली होती. ट्रॅक्टर चालवणारा माणूस, शाळा जेमतेम झालेली. मी त्याला विचारलं, तुम्हाला ‘उम’ आणि ‘दामिट’ विचारलं का? त्याला ते शब्दच माहीत नव्हते. त्यानं आजीच्या बोलीत उत्तरं दिली, डुक्कर कसं कापायचे ते सांगितलं, आणि परीक्षकानं हसून शिक्का मारला. ओटिलिया म्हणाली, त्यांना शाळेचं जर्मन नकोच असतं. ते घरातून आलंय की पुस्तकातून, एवढंच ते ऐकतात. पुस्तकातून आलं असेल तर परत पाठवतात. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हाला कसं नाही, असं तिनंच मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं, कारण मी कुणाशी बोलतच नाही.

फ्रीडखे, तू खरंच घाबरली होतीस का? तिथे काय झालं ते सगळं मला लिही. काही लपवू नकोस. तुझ्या घाबरण्यावर आता माझा विश्वास नाही.

आमालिया


अक्सू, ११ जानेवारी १९९८

मालखे,

तुला हे कधी कळू नये म्हणून मी ते खोटं लिहिलं होतं. पण आता तू विचारलंसच, तर ऐक.

मी अजिबात घाबरले नव्हते. निळी ओढणी बांधली होती. खोलीत एक तरुण माणूस होता, फिकट शर्ट घातलेला, आणि कोपऱ्यात लिहून घेणारी एक मुलगी. माणूस सभ्य होता. त्यानं मला पाणी दिलं. नाव, गाव, आईचं नाव, बापाला कुठे नेलं, हे सगळं विचारलं. मी शेवटचा ‘न’ एकदाही गिळला नाही. मग त्यानं विचारलं, तुम्हाला जर्मनीला कशासाठी यायचंय?

मी तुझ्या रीतीनं सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीला एकटं राहावं लागू नये म्हणून. दामिट. क्रियापद अगदी टोकाला. वाक्य संपेपर्यंत धीर धरला.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “तुम्ही फार शुद्ध बोलता. कुणाकडून शिकलात?”

मालखे, मला इतका अभिमान वाटला. मी म्हटलं, “माझ्या बहिणीकडून. तिनं मला पत्रांतून शिकवलं.”

“आणि लहानपणी? आईकडून?”

“आई गावठी बोलायची, साहेब. ते मी सोडून दिलंय.”

मुलगी लिहायची थांबली. त्यानं तिला काही सांगितलं नाही, पण स्वतःच पुढे वाकला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, “थोडं तसं बोलून दाखवा ना. आई कामाला लावताना काय म्हणायची? विहिरीवर पाठवताना?”

मला वाटलं, हा मला पकडतोय. तू लिहिलं होतंस, झोपेतसुद्धा उच्चारू नकोस. ते शब्द माझ्या जिभेवर होते. ‘फेर वासर होले’, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं वाट पाहिली. खरंच बराच वेळ वाट पाहिली, आता आठवलं की कळतं. मी म्हटलं, “मला आठवत नाही.”

मग तो उभा राहिला, माझा हात हातात घेतला आणि धन्यवाद म्हणाला. मी ट्रकमध्ये बसून कुल्याशच्या जावयाला सांगितलं की पास झाले. वाटेत त्याला आइस्क्रीमसुद्धा दिलं.

नकाराच्या पत्रात लिहिलं होतं की भाषा घरातून आलेली दिसत नाही. ते मी शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतलं. मग पुन्हा एकदा वाचून घेतलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू मला बोलवायला जे येत होतं ते केलंस. आणि मी यायचं नव्हतं म्हणून नापास झाले असं तू लिहिलंस, तेवढं एक मात्र मला लागलं. बाकी काही नाही.

फ्रीडा


डेटमोल्ड, १ मार्च १९९८

फ्रीडखे,

हे पत्र मी आपल्या घरच्या बोलीत लिहितेय, अक्षरं रशियन. मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल. कशी लिहायची ते कुणी शिकवलेलं नाही, म्हणून कानाला येईल तसं लिहिलंय.

एका वकिलाकडे जाऊन आले. तो म्हणाला, दाद मागता येईल, पण तुमच्या बहिणीनं स्वतःच सांगितलंय की पत्रांतून शिकले, ते कागदावर आहे. वर्षं जातील आणि बहुधा काही होणार नाही. मी दाद मागितलीय. पण त्यावर आशा ठेवू नकोस, मीही ठेवत नाही.

माफी मागायला बसले होते. चार कागद फाडले. फ्रीडखे, त्याला शब्द नाहीत माझ्याकडे, ना घरचे, ना शाळेचे.

मी येतेय. जूनमध्ये, अल्माटीपर्यंत विमानानं, पुढे रेल्वे. उन्हाळाभर राहीन. कायमची येते असं लिहिलं तर तो पुन्हा एक खोटेपणा होईल. इथलं निवृत्तिवेतन इथे राहिलं तरच मिळतं, आणि गुडघ्यांचे डॉक्टर इथे आहेत. आर्तुरनं फोनवर विचारलं, एवढ्या लांब कशासाठी जातेस आई, आता तिथे आहे कोण? मी त्याला घरच्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, आई, तू असं बोलतेस हे मी विसरलोच होतो. तिकिटाचे पैसे त्यानं दिले.

शिकवायला काही आणत नाही.

मालखे


अक्सू, २५ सप्टेंबर १९९८

मालखे,

तू पोचल्याचं पत्र मिळालं. गुडघ्यांचं वाचलं. तुला मी नको म्हणत होते, पण तू बटाटे काढायला वाकलीसच.

तू गेलीस त्या दिवशी स्टेशनवरून परत आले आणि तुझा पलंग आवरला नाही. तिसऱ्या दिवशी आवरला. उन्हाळाभर आपण काय बोललो ते आठवायला जाते तर काही आठवत नाही. आईचं बोललो, हेर्गेटच्या कुत्र्याचं बोललो, बीटच्या सूपमध्ये कोबी आधी की नंतर यावर भांडलो. महत्त्वाचं असं काहीच नाही. पण बोलून बोलून तुझा घसा बसला होता आणि माझाही.

आता घरात फार शांत आहे. तुला रेडिओचं वाक्य का सुचलं ते मला पूर्वी डोक्यानं कळलं होतं, आता कानानं कळलं. बाजारात जाते, रशियन बोलते, परत येते. आपली भाषा बोलणारं गावात कुणी नाही. झोर्काशी बोलायचे, पण ती आता म्हातारी झाली, उभ्या उभ्या झोपते.

एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात भिंतीवर मूठ आपटली गेली, म्हणून चहाला गेले. कुल्याशनं चहा ओतला, तळलेले बाउरसाक पुढे ठेवले आणि म्हणाली, दोन महिने भिंतीपलीकडून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू यायचं. एक अक्षर कळत नव्हतं, पण मला सवय झाली होती. आता काहीच ऐकू येत नाही. मला शिकव.

मी म्हटलं, कुल्याश, तुझं वय सत्तर, ही भाषा तुला कशासाठी हवी? आता तर ती जर्मनीतसुद्धा कुणी बोलत नाही.

ती म्हणाली, तुझ्याशी बोलायला. हिवाळा लांब आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी येते. पाव, पाणी, मीठ, शेगडी एवढं येतं. काल दारात उभी राहून म्हणाली की मी आलेय, फेर बसे, फेर चहा, फेर फ्रीडा. सगळंच चुकलेलं होतं. मी सुधारलं नाही. सरकून तिला जागा दिली.

तुझी फ्रीडखे